ओव्हरीचा कॅन्सर दुसऱ्यांदा परत आलाय, लसीच्या ट्रायलबद्दल विचारलंय. ताईने जावं का?

धाकटी

नमस्कार, बरेच महिने इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी ताई, वय ५४. ओव्हरीचा कॅन्सर, हाय ग्रेड सिरस, स्टेज ३सी. मोठं ऑपरेशन झालं, कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलच्या सहा सायकल झाल्या, मग चौदा महिने इतके छान गेले की आम्ही विसरायलाच लागलो होतो, आणि मग सीए-१२५, म्हणजे रक्तातली या कॅन्सरची खूण, चढायला लागलं. परत केमो, परत रिपोर्ट नॉर्मल. आता शेवटच्या केमोला नऊ महिने झालेत आणि पोटात पुन्हा दोन गाठी दिसल्यात, लहान आहेत. बीआरसीए जनुकाची टेस्ट निगेटिव्ह आहे, म्हणजे तो दोष नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की केमो तर द्यायचीच आहे, पण सोबत एका लसीची ट्रायल चालू आहे, फेज २, म्हणजे थोड्या पेशंटवर करून बघायचा टप्पा, तुम्ही त्यात बसू शकता. तिच्याच रक्तातल्या पेशी काढून, लॅबमध्ये तयार करून परत टोचायच्या असं काहीतरी. पण अर्ध्या बायकांना लस आणि केमो, अर्ध्यांना नुसती केमो, आणि ते कॉम्प्युटर ठरवणार. ताई लगेच हो म्हणाली. भाऊजी अजिबात तयार नाहीत, म्हणतात हिच्यावर प्रयोग कशाला, दोनदा भोगलंय ते काय कमी आहे. मी मधल्यामध्ये.

मला पडलेले प्रश्न असे, लस तर रोग होऊ नये म्हणून देतात ना, मग झालेल्या कॅन्सरवर ती काय करणार? आजवर कुणाला फायदा झालाय का, खरे आकडे काय आहेत? आणि ती नुसत्या केमोच्या गटात गेली तर एवढं सगळं करून उपयोग काय? अजून एक, भाऊजींना नेटवर एक ठिकाण सापडलंय, ते म्हणतात हीच डेंड्रिटिक पेशींची लस आम्ही पैसे घेऊन सरळ देतो, ट्रायल नाही, नशिबावर सोडणं नाही. तेच बरं नाही का असं आता घरात चाललंय. पुढच्या आठवड्यात उत्तर द्यायचंय.

शांभवी७१

धाकटी, आधी हे सांग की ताईच्या पोटात पाणी आहे का, खाणं नीट जातंय का, आणि ती दिवसभर उठून फिरून असते का? ट्रायलमध्ये हे बघतात. मी स्वतः अशाच एका ट्रायलमध्ये होते, माझाही दुसरा रिकरन्स होता, म्हणजे रोग दुसऱ्यांदा परत आलेला. रात्री सविस्तर लिहिते.

धाकटी

पाणी नाहीये. खाते, चालायला जाते, घरातलं सगळं करते. बघून कुणाला वाटणार नाही की आजारी आहे.

पेशीघर

मी डॉक्टर नाही, प्रतिकारशक्तीवरच्या लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे औषध घ्या की नको हे मी सांगणार नाही पण तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांवर बोलू शकतो, जरा लांबेल.

लस म्हणजे शेवटी ओळख करून देणं. गोवराच्या लसीत शरीराला व्हायरसची आधीच ओळख होते. इथे रोग आधीच आहे पण शरीराच्या टी पेशी, म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्याला परका समजत नाहीयेत, किंवा समजतात पण गाठीपर्यंत पोचत नाहीत, किंवा पोचल्यावर तिथे गप्प बसवल्या जातात. डेंड्रिटिक पेशी म्हणजे शरीरातल्या खबरी पेशी, त्या कुठूनतरी तुकडा उचलतात आणि लिम्फ नोडमध्ये जाऊन टी पेशींना दाखवतात की हा बघा, याला शोधा. तर या लसीत रक्तातून मोनोसाइट नावाच्या पेशी काढतात, आठवडाभर वाढवून त्यांच्या डेंड्रिटिक पेशी बनवतात, त्यांना मेलेल्या कॅन्सर पेशींचा माल खायला देतात आणि मग परत टोचतात.

ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये हे करून बघावं असं लोकांना का वाटलं, तर २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने एक अभ्यास छापला होता. १८६ बायकांच्या गाठी तपासल्या. ज्यांच्या गाठीच्या आत टी पेशी शिरलेल्या होत्या त्यांच्यातल्या ३८ टक्के पाच वर्षांनी जिवंत होत्या, ज्यांच्या गाठीत टी पेशी नव्हत्या त्यांच्यातल्या फक्त ४.५ टक्के. म्हणजे काही बायकांचं शरीर स्वतःहून लढतं आणि त्याने फरक पडतो. मग ज्यांच्यात लढत नाही तिथे लढायला लावता येईल का, हा सगळा खटाटोप त्यासाठी. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये किंवा मेलानोमात चालणारी चेकपॉइंटची औषधं, म्हणजे टी पेशींवरचा ब्रेक काढणारी, इथे एकटी फारशी चालली नाहीत, त्यातलं पेम्ब्रोलिझुमॅब परत आलेल्या ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये ३७६ जणींना दिलं होतं तेव्हा जेमतेम ८ टक्क्यांच्या गाठी लहान झाल्या. ब्रेक सोडून उपयोग नाही जर गाडीच सुरू नसेल, आधी टी पेशी तयार तर व्हायला हव्यात, आणि ते काम लस करेल अशी आशा आहे.

आता आकडे. मला यात गोड बोलायचं नाहीये. सगळ्यात मोठी जी लसीसारखी ट्रायल झाली ती अबागोव्होमॅबची, ८८८ बायका, पहिल्या उपचारानंतर रोग दबलेला असताना. शरीराने प्रतिसाद दिला, अँटिबॉडीज भरपूर तयार झाल्या, आणि तरीही कॅन्सर परत येण्यात काहीच फरक पडला नाही. २०१३ मध्ये ते छापलं गेलं. म्हणून कुणी म्हणालं की आमच्या लसीने इम्यून रिस्पॉन्स येतो, तर तेवढ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

डेंड्रिटिक लसीचं बघाल तर बऱ्याचशा तुमच्या ताईसारख्या बायकांवर, म्हणजे प्लॅटिनम केमोनंतर (कार्बोप्लॅटिन त्यातलंच) सहा महिन्यांहून जास्त काळाने परत आलेला रोग, फक्त त्यांचा पहिल्यांदाच परत आलेला, प्रागच्या कंपनीची एक ट्रायल झाली. ७१ बायका. एका गटाला कार्बोप्लॅटिन-जेमसिटाबिन आणि लस, दुसऱ्याला नुसती ती केमो. रोग पुन्हा वाढायला लागायचा काळ दोन्हीत जवळपास सारखाच निघाला. पण आयुष्य बघितलं तर लस घेतलेल्यांचा मध्य, म्हणजे अर्ध्या बायका ज्याहून जास्त जगल्या तो आकडा, ३५.५ महिने आणि न घेतलेल्यांचा २२.१ महिने. हा फरक मोठा आहे. पण बायका फक्त ७१, प्लासिबो म्हणजे खोटी लस नव्हती, कोण लस घेतंय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि जे मुख्य मोजायचं ठरलं होतं त्यात फरक आला नाही. म्हणून एवढ्यावर कुणी लस बाजारात आणू देत नाही आणि देऊही नये. पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाहीये, म्हणूनच तर ट्रायल होतात.

मंजिरी_प

पेशीघर, मी कुठेतरी वाचलं होतं की लसीला रिस्पॉन्स दिलेल्या सगळ्याच्या सगळ्या बायका दोन वर्षांनी जिवंत होत्या, १०० टक्के. ते खरं आहे का?

पेशीघर

आकडा खरा आहे, पण तो वाचताना फार जपून वाचा. २०१८ चा अभ्यास आहे, परत आलेल्या ओव्हरीच्या कॅन्सरच्या २५ बायका, प्रत्येकीच्या स्वतःच्या गाठीपासून बनवलेली डेंड्रिटिक लस, सरळ लिम्फ नोडमध्ये टोचलेली, सोबत काहींना बेव्हॅसिझुमॅब आणि सायक्लोफॉस्फमाइड ही औषधं. एकूण ३९२ डोस दिले आणि गंभीर त्रास एकालाही झाला नाही, ही त्यातली मला सगळ्यात ठोस वाटणारी गोष्ट. ज्यांच्या टी पेशी जाग्या झाल्या त्या दोन वर्षांनी १०० टक्के जिवंत, ज्यांच्या नाही झाल्या त्यांच्यातल्या २५ टक्के. पण इथे लस घेतलेल्यांची तुलना लस न घेतलेल्यांशी नाहीये, लस घेऊन ज्यांना प्रतिसाद आला त्यांची ज्यांना नाही आला त्यांच्याशी आहे. ज्यांची तब्येत आणि प्रतिकारशक्ती मुळातच चांगली त्यांनाच प्रतिसाद आला असेल आणि त्या लसीशिवायही जास्त जगल्या असत्या, असंही असू शकतं. हे वेगळं करायचं तर चिठ्ठी टाकूनच गट पाडावे लागतात, दुसरा रस्ता नाही. धाकटी, तुम्ही विचारलंत ना की नुसत्या केमोच्या गटाचा उपयोग काय, तो गट नसता तर वरचा ३५ आणि २२ चा फरक कुणाला कळलाच नसता.

रोग वाढायचा काळ तोच आणि आयुष्य मात्र वाढलं हे विचित्र वाटतं, पण प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये सिप्युल्युसेल-टी नावाची अशीच स्वतःच्या पेशींची लस आहे, तिच्यात ५१२ पुरुषांमध्ये नेमकं हेच दिसलं, २५.८ महिने विरुद्ध २१.७, आणि अमेरिकेत २०१० मध्ये तिला मंजुरी मिळाली. लसीचा परिणाम सावकाश चढतो, पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या स्कॅनमध्ये तो दिसेलच असं नाही, आणि पुढे वेगळी केमो देताना तो कदाचित मदत करत असेल. कदाचित म्हणतोय.

मंजिरी_प

धन्यवाद, हे मला कुणी असं सांगितलंच नव्हतं.

धाकटी मला तुला एकच सांगायचंय. माझ्या आईच्या वेळी आम्ही खूप उशिरा गेलो. तिचा चौथा रिकरन्स होता, केमो संपून तीन महिन्यांत परत आलेला, म्हणजे प्लॅटिनम रेझिस्टंट, दर दहा दिवसांनी पोटातलं पाणी काढायला लागायचं. तेव्हा आम्हाला वाटलं आता सगळं संपलं, आता ट्रायल बघूया. कागदपत्रं जमवली, एका ठिकाणी गेलो, आठवडा गेला नुसत्या तपासण्यांमध्ये आणि मग नाही म्हणाले, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) कमी, स्टेरॉइड चालू, आतडं अडकायला लागलंय. मला त्या लोकांचा तेव्हा इतका राग आला होता की मी तिथे ओरडले. नंतर कळलं की लसीला काम करायला वेळ लागतो आणि आईकडे तो वेळ नव्हता, आणि स्टेरॉइडने तर त्याच पेशी दबतात ज्यांना लस उठवायला बघते. ती पुढे सहा आठवड्यांत गेली. तो तपासण्यांचा आठवडा तिने घरी घालवला असता तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

तुझी ताई चालते फिरते, गाठी लहान आहेत, नऊ महिने गेलेत. जायचं असेल तर हीच वेळ. सगळ्यात शेवटचा उपाय म्हणून लसीकडे बघू नका, आमचं तेच चुकलं.

शांभवी७१

उशीर झाला लिहायला. मंजिरी, वाचून डोळ्यात पाणी आलं गं.

माझं सांगते. पहिल्यांदा स्क्रीनिंग, त्यात रक्ताच्या भरपूर नळ्या, ईसीजी, स्कॅन, आणि हिपॅटायटिस-एचआयव्ही वगैरे. संधिवात, ल्युपस, थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार असं काही आहे का ते खोदून खोदून विचारलं. मग ल्युकाफेरेसिस. एका हातातून रक्त जातं, मशीनमधून फिरून पांढऱ्या पेशी बाजूला काढल्या जातात आणि बाकीचं दुसऱ्या हातातून परत येतं, मला साधारण चार तास लागले. दुखत नाही पण मध्येच ओठांभोवती मुंग्या आल्या, मी घाबरले, नर्स म्हणाली रक्त गोठू नये म्हणून जे घालतात त्याने कॅल्शियम उतरतं, लगेच कॅल्शियम दिलं आणि थांबलं. हे ताईला आधीच सांगून ठेव म्हणजे ती घाबरणार नाही, मुंग्या आल्या की लगेच बोलायचं, सहन करत बसायचं नाही.

मग वाट बघणं. लस तयार व्हायला काही आठवडे, तोवर केमो सुरू झालेली. माझ्याबरोबर एक होती तिच्या पेशी नीट वाढल्याच नाहीत, तिची लस बनलीच नाही. असंही होतं, हे संमतीपत्रात लिहिलेलं असतं पण आपण वाचत नाही, तर वाचा. इंजेक्शन दंडाला आणि मांडीला कातडीखाली, जागा लाल व्हायची, दोन दिवस कणकण, अंग दुखायचं, बस. केमोपुढे हे काहीच नव्हतं. त्रास झाला तो चकरांचा. दर थोड्या दिवसांनी रक्त, दर काही आठवड्यांनी स्कॅन, एकदा मधूनच बायॉप्सी. घरातलं कुणीतरी सोबत लागतं, कामाच्या रजा जातात, हे घरात आधी बोलून घ्या, कारण तिसऱ्या महिन्यात चिडचिड व्हायला लागते.

मला फायदा झाला का? माझा रोग अकरा महिन्यांनी परत वाढला. मग दुसरी औषधं झाली, आज लस संपून तीन वर्षं होत आली आणि मी इथे टाइप करतेय. लसीमुळे का? मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही, आणि मी कुणाला सांगत नाही की लसीने वाचले.

भाऊजींना एक सांग, प्रयोग म्हणजे ताईला उपचाराविना ठेवणं नाही. नुसत्या केमोच्या गटात गेली तर तिला तीच केमो मिळेल जी ट्रायलबाहेर मिळाली असती. आणि तिला कधीही, कुठल्याही दिवशी, कारण न सांगता बाहेर पडता येतं, त्यानंतर नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. मी हे दर महिन्याला स्वतःला सांगायचे, त्याने धीर यायचा.

पेशीघर

शांभवीताईंनी लिहिलंय ते सोनं आहे, माझ्यासारख्या लॅबमध्ये बसणाऱ्याला हे कधी दिसत नाही.

ते पैसे घेऊन देणाऱ्या ठिकाणाबद्दल राहिलं होतं, आणि त्यावर मला जोर देऊन बोलायचंय. ओव्हरीच्या कॅन्सरसाठी डेंड्रिटिक लस अजून तपासली जातेय. जी गोष्ट ७१ जणींवर करून अजून ठरत नाहीये ती कुणी खात्रीने विकत असेल तर ते लोक तुमच्या भीतीवर पैसे कमावतायत, मला दुसरा शब्द सापडत नाही. लस या एका नावाखाली पन्नास वेगळ्या गोष्टी येतात, पेशी कशा वाढवल्या, कोणता माल खायला दिला, किती जिवंत होत्या, जंतू नव्हते ना, प्रत्येक बॅचची तपासणी झाली का. ट्रायलमध्ये हे सगळं कुणीतरी बाहेरचा माणूस तपासतो, एथिक्स कमिटी असते, त्रास झाला तर नोंद करावी लागते. तिथे कोण तपासणार? आणि अजून एक, आज पैसे देऊन अशी लस घेतली तर उद्या खऱ्या ट्रायलमध्ये बऱ्याचदा घेत नाहीत, कारण आधी इम्यूनोथेरपी झालेली चालत नाही. भाऊजींना हे नक्की सांगा. ट्रायल खरी आहे का बघायचं तर रजिस्ट्रीत नोंद क्रमांक असतो, डॉक्टरांकडे मागा, कुणीही उघडून बघू शकतं, क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह वर किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या पोर्टलवर. तपासली जाणारी लस तयार करायचे पैसे मागतायत का तेही विचारा, मागत असतील तर थांबा आणि का ते लेखी घ्या.

डॉक्टरांना हेही विचारा की लसीसाठी ताईची स्वतःची गाठ लागणार आहे की नाही. प्रागवाल्या लसीत लॅबमध्ये वाढवलेल्या ओव्हरीच्या कॅन्सरच्या पेशी वापरल्या होत्या, त्यात पेशंटची गाठ लागत नाही. पण काही लसी पेशंटच्या गाठीपासूनच बनतात आणि मग ताजा तुकडा लागतो. जुन्या ऑपरेशनचा मेणातला ब्लॉक त्याला चालत नाही, फॉर्मॅलिनमध्ये गेलेला असतो.

धाकटी

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. हे सगळं मी प्रिंट काढून भाऊजींना वाचायला दिलं. मंजिरीताई, तुमचं वाचून ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

काल परत डॉक्टरांकडे गेलो, तिघंही. नोंद क्रमांक मागितला, त्यांनी लगेच लिहून दिला, मी तिथेच फोनवर उघडून बघितला, जे सांगितलं होतं तेच लिहिलंय. लस तयार करायचे, टोचायचे, जास्तीच्या स्कॅनचे पैसे नाहीत. गाठीचा ताजा तुकडा लागणार आहे, सुईने घेणार, दोन्ही गाठींपैकी जी सोपी आहे तिचा. मी विचारलं की मिळाला तुकडा पण पुरला नाही तर? म्हणाले मग ती ट्रायलमधून बाहेर आणि केमो ठरल्या दिवशीच सुरू, त्यासाठी थांबणार नाही. भाऊजींना त्याचंच जास्त टेन्शन होतं की या सगळ्यात केमोला उशीर व्हायचा. त्यांनी स्वतः विचारलं की फायदा होईल का, डॉक्टर म्हणाले मला माहीत असतं तर ट्रायल कशाला केली असती, तुम्हाला खोटं सांगणार नाही. ते ऐकून भाऊजी जरा सैल झाले. त्या पैसेवाल्या ठिकाणी मी फोन करून नोंद क्रमांक विचारला होता, त्यांनी मला परत फोनच केला नाही.

ताई मात्र पहिल्या दिवसापासून जे म्हणतेय तेच म्हणतेय, मला केमो घ्यायचीच आहे मग सोबत हेही बघू, आणि मला नाही तर निदान नंतर कुणाला तरी कळेल की हे चालतं की नाही. संमतीपत्र घरी आणलंय, बावीस पानं, ती पेन्सिल घेऊन खुणा करत वाचतेय. सही सोमवारी, बायॉप्सी त्याच आठवड्यात.

शांभवीताई, ती विचारतेय की त्या चार तासांत हात मोकळा असतो का, तिला विणकाम न्यायचंय.

शांभवी७१

नाही गं, दोन्ही हातांत सुया असतात, निदान एक तरी हात अगदी सरळ ठेवावा लागतो. विणकाम घरी ठेवायला सांग. जाण्याआधी बाथरूमला जाऊन यायचं, अंगावर पांघरायला काहीतरी जाड न्यायचं कारण मशीनमधून परत येणारं रक्त गार लागतं, आणि तू शेजारी बसून तिला काहीतरी वाचून दाखव. सोमवारी काय झालं ते इथे लिही.